साहेब येणार म्हणून पुसलेली खिडकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता प्रदूषण तपासणारे सरकारी निरीक्षक आमच्या घरी आले. घरात मी, माझी बायको सुनंदा आणि दम्याने बेजार झालेली माझी आई, अशी तिघं होतो. घरामागच्या काँक्रीट प्लँटच्या धुळीबद्दलचा माझा सहावा अर्ज एकदाचा लागू पडला होता. साहेबांनी आईच्या खाटेजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"तुम्ही येणार म्हणून सकाळीच सगळं पुसून घेतलं," सुनंदा म्हणाली.

आई खोकत हसली. "माझी छातीही पुसून घ्यायचीस गं."

"शुक्रवारी परत येतो," साहेब म्हणाले. "तोवर पुसू नका."

"तीन दिवस? घर आहे की गोदाम?" सुनंदा म्हणाली.

गल्लीतल्या बत्तीस घरांत रोज सकाळी असंच ओलं फडकं फिरतं. तक्रार आपलीच आणि पुरावाही आपणच पुसायचा, याचं मला नवल वाटत राहिलं.

आईची खाट आतल्या खोलीत हलवली आणि तो कट्टा तसाच ठेवला. गुरुवारी संध्याकाळी सुनंदा फडकं घेऊन तिथे गेली. थांबली. कट्ट्यावरचा राखाडी थर तिने प्रथमच पाहिला होता.

"हे सगळं रोज आईंच्या छातीत जात होतं?" असं म्हणून तिने फडकं बाजूला ठेवलं.