भाऊजींची फूटपट्टी

आमच्या भाऊजींइतका अडेल माणूस सातपुड्याच्या अलीकडे दुसरा नसेल, आणि पलीकडे निघालाच तर त्याने भाऊजींकडेच शिकवणी लावलेली असेल. जगातल्या प्रत्येक वस्तूचं माप आपणच ठरवायचं, असा या गृहस्थांचा खाक्या. संग्रामपुरात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि खिशात पेनाच्या जागी स्टीलची छोटी फूटपट्टी. पंगतीत बसले की आधी शेजारच्याचं ताट सरकवतील, मग आपलं, आणि मधली जागा सारखी पडली की मगच वरणाला हात लावतील. शेगावला लॉजवर उतरलो तेव्हा दोन्ही खाटा भिंतीपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत त्यांनी मला पाठ टेकू दिली नाही. दर्शनाच्या रांगेत उभं राहून माझे पाय मोडले होते हो!

हेही मी सोसलं असतं, पण त्यांनी दुकानाच्या बिलांचा प्रोग्राम स्वतः लिहिला. या कामात प्रोग्रामच्या आतच लेआउट मॅनेजर नावाचा एक भला कारभारी असतो. पडद्यावरची खिडकी लहानमोठी झाली, अक्षरं वाढली, की तो प्रत्येक बटणाला विचारतो, तुला कमीत कमी किती जागा लागेल, बरी किती, जास्तीत जास्त किती, आणि तशी वाटून देतो. भाऊजींनी तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहून ठेवलं. मग बटण कसलं हलतंय! मी याच कामावर पोट भरतो, म्हणून समजवायला गेलो, तर म्हणाले, "त्या मॅनेजरले काय समजते? दुकान माह्यं, बटन माह्यं. एकाले मोठं होऊ देलं तं ते शेजारच्याची जागा खाते."

त्या प्रोग्रामवर बसायची माझी ताई. लग्न झाल्यापासून गल्ला तिचा, आणि तिथे बसण्यातच तिचा जीव. शुगरने तिची नजर मंदावू लागली, तेव्हा मी तिला अक्षरं मोठी करून दिली. अक्षरं वाढली, बटणं तेवढीच राहिली. न मावणाऱ्या अक्षरांच्या जागी हा प्रोग्राम तीन ठिपके दाखवतो. 'बिल करा' आणि 'बिल रद्द करा', दोन्ही बटणांवर नुसतं 'बिल...' उरलं. ऐन पेरणीच्या गर्दीत ताईने भलतंच दाबलं, अख्खं बिल पुसलं गेलं, आणि हा माणूस गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर ओरडला, "पाहून दाब न!"

"काय पाहू? दोघायवर बी ठिपकेच दिसून राह्यले," ताई म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "मी आता नाही बसत इथं. तुमीच बसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊजी, एका बटनाले जागा देता येत नाही, तं माह्या बहिनीले काय देसान तुमी?" मीही गिऱ्हाइकांसमोरच ओरडलो. दुपारी शटर अर्धं ओढून भाऊजींनी सगळ्या बटणांची मापं स्वतःच्या हाताने पुसून टाकली, जागेची वाटणी त्या मॅनेजरवर सोडली आणि ताईला हाक मारली.

परवा गेलो होतो. ताई गल्ल्यावर होती. तिची नजर आणखी मंदावली आहे. अक्षरं इतकी वाढलीत की पडद्यावर जेमतेम दोनच बटणं मावतात, तीही एक रुंद, एक अरुंद. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून मुद्दाम विचारलं, "केवढं झालं हो भाऊजी हे बटन?"

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईकडे वाकून त्यांनी विचारलं, "दिसते न तुले?"

"हाव," ताई म्हणाली.

मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "म्या नाही मोजलं."