टेका म्हटलं की टेकणारे पाकदे

आमच्या जावा बेटावर रस्त्याने कोणी चाललं की अंगणातला माणूस म्हणतो, "या, टेका घटकाभर." चालणाऱ्याने हसून "पुढच्या खेपेला" म्हणायचं आणि चालू लागायचं. दोघांचा मान राहतो आणि चहा कोणालाच करावा लागत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. वागिमान पाकदेंना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, साठी उलटली तरी कळलेलं नाही. कोणी टेका म्हटलं की ते टेकतात.

पाकदे सावरीच्या कापसाच्या गाद्या-उशा भरतात. भुवयांत कापूस अडकलेला असतो, त्यामुळे सदा नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसतात. शेजारच्या गावी एक गादी भरायला गेले की चार दिवसांनी उगवतात. काकूने त्यांची वाट बघणं कधीच सोडलंय.

अशा माणसाला घेऊन मी वेनिंगला मागणी घालायला निघालो. जायचे होते वडील, पण ते तापाने आडवे. दिवस बदलता येईना, कारण दोघांचे जन्मवार जुळवून आजोबांनी तोच काढला होता. वेनिंग आणि मी एका वर्गात शिवणकाम शिकलो. माझ्याबद्दल तिला काय वाटतं ते मी एकदा विचारलं, तर "घरी येऊन विचारा" एवढंच म्हणाली. याचा अर्थ मला अजून लागत नव्हता. त्यातून त्याच दुपारी कचेरीतल्या एका कारकुनाकडची मंडळी तिला मागणी घालायला येणार, असं कानावर आलं होतं. त्यांच्याआधी पोचायचं, एवढंच मी पाकदेंना बजावलं. "पोचू की," पाकदे म्हणाले.

मेनोरेचा डोंगर चढायला लागलो नाही तोच अंगण झाडणारी एक आजी म्हणाली, टेका. पाकदेंनी माझ्या पाठीवर थाप मारून मोटारसायकल थांबवली. आजी गडबडली. घरात काही नव्हतं, म्हणून परसात जाऊन तिने कसावाचे कंद उपटले आणि ते उकडेपर्यंत आम्ही तिच्या तिन्ही सुनांचे अवगुण ऐकले.

पुढच्या वळणावर नारळाच्या शेंड्यावर बसून रस काढणारा माणूस वरूनच टेका म्हणाला. झाडावरून कोणी खरं बोलावतं का? पण पाकदे बुंध्याशी फतकल मारून बसले. बिचारा अख्खं झाड उतरला. त्याच्या चुलाण्यावर त्या रसाचा गूळ घोटायला पाकदेंनी मदत केली, वर जवळची वाट विचारून घेतली. त्या वाटेने आम्ही एका बारशाच्या मांडवात शिरलो. तिथे तर पाकदेंना मांडीवर बाळ देऊन बसवलं.

"पाकदे, माझं लग्न," मी कानाशी म्हणालो.

"त्याचंच बघतोय," बाळाकडे बघत पाकदे म्हणाले.

पाक मर्तोयोंच्या, म्हणजे वेनिंगच्या वडिलांच्या दारात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. कारकुनाची मंडळी येऊन गेली होती. त्यांचे अर्धे प्यालेले चहाचे पेले अजून ओट्यावर होते. पाकदेंच्या सदऱ्यावर गूळही होता आणि बाळाची खूणही.

पाकदेंनी मागणी मात्र नीट घातली. पाक मर्तोयो गोड हसले. मुलगी अजून अल्लड आहे, घरात बोलून बघतो, सवडीने कळवतो, म्हणाले. आमच्याकडे नकार असाच देतात. मी हेल्मेट उचललं.

पाकदे हलले नाहीत. "बोला की घरात," ते म्हणाले. "आम्ही बसतो."

पाक मर्तोयोंचं हसू तोंडावरच वाळलं. पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही आणि बोलतो म्हटल्यावर बोलायला न जाणंही शोभत नाही. ते आत गेले. पाकदेंनी मला तळलेलं केळं पुढे केलं.

आतून आधी आईचा आवाज आला, मग बापाचा. मग वेनिंगचा. "मला आज सकाळपासून कोणी विचारलं का?" ती म्हणाली. "हे पहिले आहेत, ज्यांच्यामुळे विचारताय."

पाक मर्तोयो बाहेर आले ते घाम पुसतच. आयुष्यात ते एकही वाक्य सरळ बोलले नसावेत. दोनदा घसा खाकरला, पावसाबद्दल काहीतरी म्हणाले आणि शेवटी मागे वळून मुलीकडे बघितलं.

वेनिंग दाराशी उभी होती. तिने आधी पाकदेंच्या भुवयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "मात्र लग्नाची आमंत्रणं द्यायला यांना पाठवू नका. पुढच्या वर्षापर्यंत परत यायचे नाहीत."