एक डोळा उघडा

लढाईच्या दिवसांत मी शेवगावजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. तिथल्या ख्रिस्तमंदिरात एक म्हातारा दर रविवारी दाराशी बसे. बाहेरच्या लिंबाला बाया लेकरांच्या झोळ्या टांगत आणि त्याच लिंबाच्या बुंध्याला याची शेळी बांधलेली असे. पाळकांनी प्रार्थना सुरू केली की सगळ्यांचे डोळे मिटत. याचा मात्र एकच मिटे. दुसरा शेळीवर असे, कारण माळावर लांडगे फार. हे मला कसं दिसे, ते विचारू नका.

एका आठवड्यात लांडग्यानं शेळी नेली. मला वाटलं, आता तरी म्हातारा दोन्ही डोळे मिटेल. पण त्या रविवारीही त्याचा एक डोळा दाराबाहेरच होता.

उपासना संपल्यावर मी विचारलं, “बाबा, आता कुणाला राखता?”

त्यानं झोळ्यांकडं बोट केलं. “लेकरं निजल्यात न्हवं.”

“मग तुमची प्रार्थना कधी व्हायची?”

तो बोळक्या तोंडानं हसला. “मास्तर, देव आपल्याला राखतो, तवा डोळं मिटतो व्हय?”