खाणीच्या बाजूने भाषण

माझे यजमान झाडीपट्टीच्या नाटकांतले विनोदी नट. दिवाळी झाली की हे वडसाच्या नाटक मंडळाबरोबर गावोगाव जायचे आणि उन्हाळा लागला की घरी येऊन शेतीला लागायचे. मंचावर नुसते येऊन उभे राहिले तरी लोक हसत. घरी मात्र यांचं बोलणं कमी. यांचे विनोद मी ऐकले ते सगळे मंचासमोर, शेजारणींबरोबर चटईवर बसून.

आमचं गाव कोळशाच्या खाणीला लागून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा खाण लांब होती. मग ती सरकत सरकत नाल्यापर्यंत आली. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात. अंगण झाडून आत यावं आणि परत बाहेर जावं, तर आपलंच पाऊल काळ्या धुळीत उमटतं. कापूस वेचताना बोटं काळी होतात. सुरुवातीला आम्ही एकमेकींना बोटं दाखवायचो. नंतर ते बंद झालं.

तशात खाण आणखी वाढणार असं ठरलं. त्यासाठी विहारासमोरच्या मैदानात जनसुनावणी होणार होती. गावातली जाणती माणसं आमच्या घरी आली.

"आमी बोललो का भांडण होते," एक म्हातारेबुवा म्हणाले. "तू बोल गा. तुयं ऐकतीन."

 हे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी यांनी नाटकातलं पांढरं धोतर काढून माझ्या हातात दिलं.

"धुवून दोरीवर टाक. सुनावणीच्या दिवसापर्यंत काढू नोको."

"काऊन?"

"रंगवाचं हाये."

सुनावणीच्या दिवशी जिल्ह्याचे साहेब मंचावर होते. पुढच्या सोफ्यांवर खाणीचे अधिकारी, त्यांच्यामागे आम्ही, आणि कडेनं पोलीस. यांचा नंबर आला. यांनी माईक घेतला, सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "मी खाणीच्या बाजूनं बोलाले आलो."

मांडवात गलका झाला. यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"साहेब, पहिले आमी लय मागासलेले होतो. कापूस पांढरा पिकवत होतो. आता शेतातच रंगून येते." मग पिशवीतून धोतर काढून झटकलं. पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. "हे दोरीवर टाकलं तवा पांढरं होतं. ना रंगारी, ना भट्टी. पोरगी पाहाले पाव्हणे येतात, इचारतात गोरी हाये का? आमी म्हणतो, आठ दिस इथी राहा भाऊ, मंग तुमीच आमच्यात ओळखू येनार नाई."

सगळा मांडव हसत होता. खाणीचा मोठा साहेब तर रुमालानं डोळे पुसत होता. मीही हसत होते, आणि हसताना मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं कोणी हे तोंडावर बोललं नव्हतं.

"आता शेवटचं," हे म्हणाले. "या मांडवात ज्याच्या घरी कोणी खोकलत नाई, त्यानं हात वर करा."

लोक आधी हसले. मग आजूबाजूला बघू लागले. एकही हात वर झाला नाही. मागून कोणीतरी खोकलं. त्याला दाबता येईना. मग दुसरं कोणी, मग बायकांतून कोणी. जांभई पसरावी तसा खोकला मांडवभर पसरला. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडात पदर कोंबला होता. मंचावरचे साहेब कागद खालीवर करू लागले.

"पाहा साहेब," हे हळूच म्हणाले, "सगळेच तुमच्या बाजूनं बोलून राह्यले."

या वेळी कोणीच हसलं नाही.

शेवटी काय काय नोंदवलं ते जिल्ह्याच्या साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात आलं की एका ग्रामस्थानं प्रकल्पाच्या बाजूनं मत मांडलं.

"साहेब, तो मजाक होता!" आमच्यातून कोणी ओरडलं.

"त्यांनी स्वतः सांगितलं ना, बाजूनं बोलायला आलो म्हणून?" साहेब शांतपणे म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

धोतर हातात घेऊन हे तसेच उभे होते.

खाण वाढली. तशीही वाढलीच असती, असं गाव म्हणायचं. आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं.

पावसाळा संपता संपता घरासमोर खाणीची जीप थांबली. एक तरुण अधिकारी आत आला. बोलायला फार गोड. म्हणाला, आमच्या वार्षिक कार्यक्रमात तुमचं ते भाषण ठेवायचं आहे, मोठ्या साहेबांना फार आवडलं होतं.

"जाऊ नोका," मी यांना आत बोलावून म्हटलं.

"पाहून येतो," हे म्हणाले.

दुपारी गेले, दिवस मावळायच्या आत परतले. पाय धुऊन ओसरीवर बसले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "हसले का?"

"लय हसले. जिथी हसाचं तिथीच हसले. एक जागा चुकली नाई." हे नाल्याकडे बघत होते. तिकडे आता खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर उभा राहत होता. "मले वाटे, त्यायले ठाऊक नाई, म्हणून सांगावं. त्यायले आपल्यापरस जास्त ठाऊक हाये वो."

 त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा घराला कडी आतून लावून घेतली, उजेड असतानाच.

दिवाळीनंतर मंडळाच्या मालकांना यांनी सांगितलं, विनोदी काम करणार नाही, खलनायकाचं द्या. मालकांना वाटलं, हाही विनोदच. पण त्यांचा खलनायक दुसऱ्या मंडळात गेला होता, म्हणून त्यांनी ऐकलं.

हे अंगणात तालीम करू लागले. एकदा मी धान पाखडत होते. हे खाटेवर बसून संवाद म्हणत होते. मधेच थांबले आणि हसले. नाटकातले खलनायक हसतात तसं गडगडाटी नाही. बारीक, मनापासून, मजा आल्यासारखं. हसता हसता खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले, सुनावणीत मोठ्या साहेबानं पुसले होते तसे. माझ्या हातातलं सूप थांबलं.

शेजारची बाई विरजण मागायला आली होती. ती फाटकाशी थबकली, थोडा वेळ यांच्याकडे बघत राहिली, आणि वाटी तशीच घेऊन परत गेली.