नथूच्या मांडीवरची सूज

"मुलाला कोणी मारलेलं किंवा पाडलेलं नाही, बाई. याला स्कर्व्ही झालाय," डॉक्टर म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. दहा महिन्यांचा नथू माझ्या मांडीवर बेडकासारखे पाय दुमडून पडला होता. उजवी मांडी सुजून निळसर झालेली. हात लागला की किंकाळी फोडायचा. मारल्या-पाडल्याशिवाय असं होतं का?

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. दोन नव्या दातांभोवतीची हिरडी जांभळी होऊन फुगली होती. "ताजी फळं, भाजी पोटात गेली नाही की स्कर्व्ही होतो. रक्त आतल्या आत झिरपतं. हाडाभोवती साचलंय, म्हणून दुखतं. हा खातो काय?"

"डब्याचं दूध, साबुदाण्याचं पाणी. सगळं उकळून," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"आणखी?"

"काही नाही."

"मग हेच कारण."

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. हिवतापाने माझं दूध आटलं होतं. त्याआधी पहिली मुलगी हगवणीने गेली होती. आदल्या दिवशी तिने अर्धं केळं खाल्लं होतं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. नथूच्या तोंडाला ताजं काही लागू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

आमच्याकडे वेस्तीबाई कामाला होती. डोंगरातल्या काठी गावाकडची, नंदुरबारात पोट भरायला आलेली. आमच्या गल्लीत आमचं धरून तिची कामाची तीन घरं होती. नथू तिच्या कडेवर गप्प राहायचा. एकदा ती म्हणाली, "बाई, याले नुसतं दूधच का? आमना पोरे भाजीनं पानी पेतस, बोरं चोखतस."

त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवली. तिच्या पदराची गाठ सोडून बघायची. तिने नथूला खाली ठेवलं की त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. कधीच काही सापडलं नाही. तरी वाटायचं, ही लपवण्यात माझ्यापेक्षा हुशार आहे.

म्हणून मांडी सुजली तेव्हा मला विचारच करावा लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिनीच पाडं पोऱ्याले."

"मी नही पाडं, बाई. मन्हा गयानी आन," गळ्याला हात लावून शपथ घेत वेस्ती रडत म्हणाली. मी तिला हाकललं. विहिरीवर जाऊन चारचौघींना सांगितलंही. दोन दिवसांत तिची बाकीची दोन घरंही सुटली.

डॉक्टरांनी संत्र्याचा रस सांगितला, दिवसातून तीनदा. मला तेही खरं वाटेना. मी केळ्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ती केळ्याने नाही, घाण पाण्याने गेली असेल. हात धुवा, फळ धुवा, आणि द्या."

पहिल्या दिवशी एकच चमचा दिला आणि दिवसभर दुपटी तपासत बसले. हगवण लागली नाही. दुसऱ्या दिवशी तीन चमचे दिले, पण रडणं तसंच. वाटलं, डॉक्टरला कळलेलं नाही, म्हणून मोठं नाव सांगतोय. तिसऱ्या दिवशी लंगोट बदलताना तो ओरडला नाही. पाचव्या सकाळी त्याने लाथ मारून वाटी उडवली. सांडलेल्या रसात बसून मी रडले.

पुढे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मुगाची डाळ, कुस्करलेली पालेभाजी, पपई सुरू केली. महिन्याभरात तो धरून उभा राहिला.

मग मी त्याला घेऊन वेस्तीच्या झोपडीवर गेले. सगळं सांगितलं, कामावर परत ये म्हटलं. नथूने तिच्याकडे हात पसरले. तिने आपले हात पदराखाली घेतले.

"नको, बाई. उद्या याले ताप उना तं मन्हंच नाव निघी."

तिचं चुकलं नव्हतं. मी विहिरीवर गेले आणि आधी जिथे बोलले होते तिथेच खरं काय ते सांगितलं. शेजारीण घागर उचलत म्हणाली, "डॉक्टर काहीबी सांगतस. तिना हातम्हा काहीतरी व्हतंच." मी तिच्या मागे घरापर्यंत गेले. तिने दार लावून घेतलं.

बायांनो, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं की दुधाबरोबर डाळ, भाजी, फळ, जे घरात असेल ते मऊ करून भरवा. आणि बाळाच्या अंगावर डाग किंवा सूज दिसली, तर ज्या हातांनी त्याला सांभाळलं त्या हातांकडे बोट दाखवण्याआधी त्याची वाटी बघा. मी उलट केलं. नथू बरा झाला, पण वेस्तीला त्या गल्लीत पुन्हा काम मिळालं नाही.