भरल्या तोंडानं शिकवलेले पाच शब्द

मी शाळेचं तोंड पाह्यलं नाई, आन् माह्याच पोरीचा मास्तर झालो. तिथंच सारं बिघडलं.

पोरगी सात वर्साची, जन्माची बहिरी. मागून टोपलं आपटलं तरी वळून नाई पाहे. गडचिरोली तवा नवाच जिल्हा झाला होता. आमी आरमोरीजवळच्या खेड्यात राहो, मी राईस मिलमंधी हमाली करो. कोनीतरी सांगतलं, चंद्रपूरले बहिऱ्या लेकराइची शाळा हाये, तिथीच ठेवून घेतेत. गेलो पोरीले घेऊन. शाळेतल्या बाईले जय भीम म्हनाले गेलो तं गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. नुसतं "उंऊं" निंगालं. बाईले वाटलं बहिरा मीच हावो. तिनं पोरीले बाजूले सारून माह्याच कानाजवळ घंटी वाजवली.

मंग हासली आन् म्हनली, "जागा कमी आहेत, भाऊ. ज्या मुलांना ओठांकडे बघायची सवय आहे, त्यांना आधी घेतो. पाच शब्द शिकवा. पाणी, भात, आई, बाबा, चल. समोर बसून तोंडानं बोलायचं, हात हलवायचे नाहीत. होळीनंतर आणा तिला."

एक कागदाची पट्टी देल्ली तिनं. तोंडासमोर धरून 'प' म्हनलं का पट्टी हालते, लेकराले दिसते का तोंडातून हवा निंगाली.

आता मिलमंधी आमी कसे बोलो ते सांगतो. मशीनच्या आवाजात कोनाचंच कोनाले ऐकू येत नाई, आन् साऱ्याइच्या गालात खर्रा. थुंका सांडू नाई म्हनून ओठ बंद, हनुवटी वर, आन् नाकातून "उंऊं". पोतं उचल म्हनाचं असन तं हनुवटी एकदा, ठेव म्हनाचं असन तं दोनदा. तेच मी घरी आनलं, आन् मले पत्ता नाई! मले वाटे, मी साफ 'पानी' म्हनून राह्यलो.

रोज मिलमधून आलो का पोरीसमोर बसो. हात हालू नाई म्हनून मांडीखाली दाबून ठेवो, हुशारी पाहा. तिसऱ्या दिवशी पट्टी कत्थई झाली. हवा कुठची, पिंकच उडे.

बायको म्हने, "काऊन जी, आधी थुंकून तं या."

"तुले काय समजते? बाईनं मले सांगतलं, तुले नाई."

आन् पोरगी शिकली ना! पानी म्हनलं का पान्याचा गडवा आने. चल म्हनलं का चप्पल घाले. पाचही शब्द आले तिले. मी मिलमंधी सांगत फिरो, का मास्तर लोक फुकटचा पगार घेतेत, शिकवनं काई कठीन नाई.

होळी झाली, गेलो चंद्रपूरले. बाई पोरीसमोर बसली आन् म्हनली, "पाणी." पोरगी तिच्या तोंडाकडे पाहे जसी भिंतीकडे. बाईनं 'आई' म्हनलं, 'चल' म्हनलं. काईच नाई.

मले राहावलं नाई. सरकलो समोर. एस्टीत भरलेला खर्रा गालात होताच. म्हनलं पानी, तं पोरगी धावत जाऊन कोपऱ्यातला गडवा घेऊन आली. बाकीचे चारही तसेच वळखले. पाचपैकी पाच! मी बाईकडे पाह्यलं, मले वाटलं आता टाळी वाजवन.

"भाऊ, तोंडात काय आहे?"

"उंऊं."

"थुंकून या."

आलो थुंकून.

"आता म्हणा, पाणी."

"पानी," मी म्हनलं. पोरगी जाग्यावरून हालली नाई. मी मोठ्यानं म्हनलं. बहिऱ्या पोरीवर ओरडून राह्यलो, येवढा शहाना मी.

"ती तुमची हनुवटी वाचते," बाई म्हनली. "ओठ तिनं बघितलेच नाहीत. सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल."

जागा दुसऱ्या लेकराले गेली. पोरीचं एक वर्स मी चावून थुंकलं.

त्याच दिवशी खर्रा सोडला. मले वाटलं, आता सुधारन. कायचं सुधरते? आधी तं पोरीले माह्यं सारं समजे, आता काईच समजेना. मी साफ तोंडानं बोलो, आन् ती माह्या गालाले हात लावून पाहे, का गाठ कुठी गेली. एक दिवस शेजाऱ्याच्या डबीतून चिमूटभर सुपारी आनली तिनं आन् माह्या तोंडात कोंबाले लागली. बापाचा बोलाचा सामान आनला बिचारीनं! मले असा राग आला का तिच्या हातावर चापट मारली. ते सांगाची लाज वाटते, पन मारली. ती रडली. कायले मारलं, ते सांगाले माह्यापासी शब्दच नोयता.

"तिची होती नोयती बोलतीही बंद केली तुमी," बायको म्हनली. खोटं कायले म्हनू?

मंग पुन्हा पानीपासून सुरू. या वक्ती बायको धानाच्या रोवन्याहून आली का तीही बसे. तिचं तोंड पोरीले लवकर समजे, माह्यावालं नाई. मिलमंधी पोट्टे म्हनत, "काऊन मास्तर, आज उपास हाये काय?" खर्र्यावाचून डोकं भनभने. दहादा पट्टी फाडून फेकली, आन् दहादा नवी कापली.

पुढच्या होळीनंतर पोरगी पाचपैकी तीन वळखली. 'भात'ले गप राह्यली आन् 'बाबा'ले गडवा आनला. बाई म्हनली, ब आन् प ओठावर सारखेच दिसतात, तिची चूक नाही. म्हंजे पोरीच्या हिशोबानं बाप आन् पानी एकच. बाईनं कागदावर माहा अंगठा घेतला. पोरगी ठेवून घेतली.

पोरीनं वळूनही नाई पाह्यलं. तिच्यावानी पोरी पाहून तिकडेच गेली. हाका मारून काय फायदा?

एस्टी स्टँडवर आलो आन् पह्यले खर्रा घेतला. वर्सभराची कसर, दोन्ही गाल भरले. बस निंगाली. कंडक्टर म्हने, "कुठी जाचं?"

"उंऊं."

"कुठी?"

मी हनुवटी वर केली.

"तोंड उघड ना बे! मुका हायेस काय?"

सारी बस हासली. मी खिडकीतून थुंकलो. "आरमोरी."

"किती?"

सकाळी दीड तिकीट काढलं होतं, माह्यं एक आन् पोरीचं अर्धं. 'दीड' म्हनाले गेलो, आन् बाजूची खाली सीट पाह्यली.

"बोल ना, किती?"

"एक," म्हनलं. त्याले ऐकू नाई आलं. मंग पुन्हा म्हना लागलं.