लाल गाडीतलं मीठ

मी खटका ओढला, आणि पुढचं बॉनेट उघडायच्या ऐवजी मागची डिकी उघडली.

गोष्ट तिथून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगतो. कालपर्यंत ही मी कुणालाही सांगितलेली नव्हती. भावाला नाही, कारखान्यातल्या मित्रांना नाही, बायकोला तर नाहीच. सात वर्षं झाली. तसा मी घराण्यातला बोलका माणूस. लग्नकार्यात जेवणं आटोपली की पोरंबाळं भोवती बसतात, मी माझ्याच फजित्या सांगतो आणि सगळे हसतात. हीसुद्धा अर्धी सांगितलेली आहे बरं का — डिकीपर्यंतची. तिथं हशा येतो. तिथंच थांबायचं, हे मला बरोबर कळतं.

तर डिकी. वाशीला एका दलालाच्या गॅरेजमागचं आवार, एप्रिलातलं ऊन, आणि समोर ती — लाल, विलायती, दोनच माणसांची, कापडी छप्पर मागं दुमडणारी मोटार. एका बाजूला सफारी घातलेला दलाल, दुसऱ्या बाजूला आमचे घरमालक हसुरामकाका. दोघांची नजर माझ्यावर. आणि मी मान न वळवता म्हणालो, "आधी डिकीच बघायची असते. डिकीवरून गाडीचा स्वभाव कळतो."

काकांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. हेही कबूल करून टाकतो.

आता तुम्ही विचाराल, मला मोटारीतलं काय कळतं? एक गोष्ट कळते — वायपरचं रबर. तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथं ते बनतं. बाकी माझी स्वतःची स्कूटर बंद पडली की मी तिला ढकलत नेतो आणि वाटेत देवाचं नाव घेतो. पण कोपरखैरण्याला, काकांच्या चाळीत, 'गाड्यांच्या कंपनीतले' अशी माझी ख्याती झाली होती आणि ती मी कधी खोडून काढली नाही. का खोडावी? साताऱ्याकडून आलेल्या भाडेकरूला घरमालकच 'इंजनेर सायेब' म्हणायला लागला, तर भाडेकरूचं काय जातं? माझ्या मताला घरातही मान आहे. आमटी मी चाखल्याशिवाय आमच्याकडं गॅसवरून उतरत नाही. बायको डावातून थेंबभर माझ्या तळहातावर घालते, मी डोळे मिटून "हं" म्हणतो, मग पानं वाढली जातात. पाहुण्यांपुढं मी हे मिरवतोसुद्धा.

मुद्द्यावर येतो. येतोय — जरा धीर धरा, मला सोपं जात नाहीये.

हसुरामकाका खाडीकाठच्या गावातले. शेती शहराखाली गेली, तिच्या बदल्यात प्लॉट आले, प्लॉटवर चाळ आली, चाळीत आम्ही आलो. पण त्यांचे आईवडील दोघंही मिठागरावर राबलेले. मिठागराचा शेठ बांधावरून उघड्या मोटारीतून यायचा. काकांची आई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधाच्या कडेला अंग चोरून उभी राहायची, त्याला वाट मिळावी म्हणून. लहानपणी हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. ती आई आता ऐंशीच्या घरात, ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवणारी. काकांचं एकच खूळ होतं. ते मला म्हणाले होते, "सायेब, आयेला एकदा उघड्या गारीन बसवून त्या बांधावरशी फिरवाची हाय. मंग गारी भंगारात गेली तरी चालंल." गाडीला ते गारीच म्हणत.

त्यांचा पुतण्या टेम्पो चालवायचा, गाडी बघायला त्याला का नेत नाही म्हणून मी विचारलं. तर म्हणे, "तो डायवर हाय. इंजनेर नाय."

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काकांची जीभ गावात प्रसिद्ध होती. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून ते कुठल्या बाजूच्या मिठागराचं, हे ते सांगत. गावात कुणाचंही लग्न असो, आचारी रश्शाचा पहिला डाव काकांकडं आणायचा. काका चाखत, हात वर करत, मग पंगत बसायची. काकांचा हात वर झाल्याशिवाय नवरदेवाच्या बापालाही जेवण नव्हतं.

आवारात परत येतो. दीड तास मी ती गाडी तपासली. तपासली म्हणजे काय केलं? चाकांना लाथा मारल्या. बॉनेट शेवटी दलालानंच उघडून दिलं, तर त्यात वाकून दोनदा "अच्छा" म्हणालो. छप्पर काही केल्या खाली येईना. त्याच्या खटक्यात माझा अंगठा चेमटला आणि मी मोठ्यानं शिवी दिली. दलाल हसला. म्हणाला, "इंजिनियर साहेब, घाई करू नका. पुण्याच्या डॉक्टरांची गाडी आहे, कोरड्या हवेतली. फक्त रविवारी बाहेर काढायचे." मग थंड पेयाची बाटली माझ्या हातात दिली. ते 'इंजिनियर साहेब' तो कसं म्हणत होता, ते मला कळत होतं. त्यानं मला केव्हाच ओळखलं होतं. ऊन, तो अंगठा, आणि हा सगळा वेळ आपण उघडे पडतोय याची चीड — सांगू कुणाला? त्या गाडीचा मला राग आला, दलालाचा आला, मला तिथं आणल्याबद्दल काकांचासुद्धा आला.

आता काका वाकले, चालकाच्या पायाखालची जाजमाची पट्टी उचलली, खालच्या पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"सायेब, ही गारी पान्यान बुरलेली हाय. खारं पानी."

दलाल खो खो हसला. "काका, मोटार आहे, लोणचं नाही!"

काका हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. मला गुडघ्यावर बसणं भाग होतं. बसलो. सांध्यावरून बोट फिरवलं. जिभेला लावलं.

खारट होतं.

इतकं खारट, की जिभेचं टोक आखडलं. शंकेला जागाच नव्हती. कुठल्यातरी उधाणात ती गाडी खाडीच्या पाण्यात उभी राहिलेली होती, आणि दीड तासात मला जे सापडलं नाही ते काकांना एका बोटात सापडलं होतं. मी फक्त "बरोबर आहे काका" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. काय अडलं होतं? हेच, की मग मी कोण उरलो असतो?

मी उठलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "खारट? मला तर काहीच लागलं नाही. गंजाची चव आहे, लोखंडाची." एवढ्यावर थांबलो असतो तर त्याला चूक म्हणता आलं असतं. मी थांबलो नाही. दलालाकडं बघून, हसून म्हणालो, "वय झालं ना काका. वयानं माणसाची जीभ जाते."

दलाल पुन्हा हसला. मीही त्याच्याबरोबर हसलो — त्याच्याबरोबर, हे लक्षात घ्या. काकांनी ते बोट धोतराला पुसलं. मग पुन्हा एकदा, हळूच, जिभेला लावून पाहिलं. आणि म्हणाले, "आसंल. तुमी शिकलेले."

गाडी त्यांनी घेतली.

मी घरी आलो तो धुमसतच. जेवायला बसलो, पहिलाच घास घेतला आणि बायकोवर भडकलो, "मिठाचा डबा उपडा केलास का आमटीत? तोंडात घालवत नाही!" ती उठून आत गेली. मी ताट सरकवून उठलो.

चार दिवसांनी काकांनी आईला गाडीत बसवलं. नवं नऊवारी, गाडीला झेंडूच्या माळा, नारळ फोडला, सगळं गाव मागं. स्टिअरिंगवर पुतण्या. छप्पर मागं दुमडलेलं — ते त्या पठ्ठ्यानं एका झटक्यात दुमडलं होतं. बांधावर निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. आणि कुठली तार कुठं चिकटली देवाला ठाऊक, भोंगा आपोआप वाजायला लागला. थांबेचना. लोक आधी दचकले, मग हसायला लागले. माझ्याकडं माणसं आशेनं बघत होती. मी बॉनेटवर हात ठेवला आणि "अच्छा" म्हणालो. म्हातारी बराच वेळ त्या बोंबलणाऱ्या गाडीत ताठ बसून राहिली. मग म्हणाली, "मना उतरव रे." आणि उतरून, पदर सारखा करून, ती त्या बांधावरून घराकडं चालत निघाली. जन्मभर ज्या बांधावरून ती टोपली घेऊन चालली, तिथून त्या दिवशीही चालतच गेली.

पुन्हा काही ती गाडी धड झाली नाही. पावसाळ्यात तिचा तळ चाळणीसारखा झाला आणि त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर किती बरं झालं असतं! मला वाटत होतं, आता तरी त्यांना कळेल की त्यांचंच खरं होतं. गंजून गेलेला तळ रोज डोळ्यांसमोर होता की! पण त्यांनी उलटच धरलं. गाडीचं नशीब वाईट, जीभ मात्र गेलेली, असं. पुढच्या वर्षी त्या पुतण्याच्याच लग्नात आचारी नेहमीसारखा डाव घेऊन आला. काकांनी तो हातानं बाजूला सारला. "माजी जीब गेली रं. सायेबांना दे." आचारी माझ्यापुढं उभा. दोनशे माणसं भुकेली. मी चाखलं. काय चाखलं ते मला आजही आठवत नाही. मी हात वर केला, आणि पंगत बसली.

तेव्हापासून गावात मीच चाखतो. आहे की नाही मजा? तेव्हा तरी सांगायचं होतं. काका मांडवातच होते, चार पावलांवर. नंतरही रोज दिसत, ओसरीवर, आईच्या जागेवर बसलेले. त्यांनी पुन्हा कशालाही बोट लावून चाखलेलं मी पाहिलं नाही. सहा वर्षं मी त्यांना सकाळी नमस्कार करत होतो आणि कामावर जात होतो.

गेल्या महिन्यात काका वारले.

काल संध्याकाळी बायकोनं नेहमीसारखा डाव पुढं केला, मी तळहात पुढं केला, आणि तो थेंब काही मला तोंडाकडं नेववेना. आमटी मनगटावरून ओघळली. तिथंच, ओट्यापाशी उभ्या उभ्या, मी तिला सगळं सांगितलं. डिकीच्या पुढचं. खारट होतं हे. हसलो हे. तिनं मध्येच गॅस बारीक केला.

मग म्हणाली, "वाशीहून गाडी बघून आलात, ताट सरकवून उठलात, तो दिवस ना? त्या दिवशी मी आमटीत मीठच घालायला विसरले होते."

मी ओला हात सदऱ्याला पुसला.

"तुम्ही खारट म्हणालात म्हणून आत जाऊन चाखली. मला अळणी लागली. पण तुम्ही एवढं ठासून बोलला होतात, मला वाटलं, माझीच जीभ गेली. म्हणून तर तेव्हापासून तुम्हाला चाखायला देते."

तिनं डाव परत पातेल्यात बुडवला, स्वतःच्या तळहातावर थेंब घेतला, चाखला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.